सलीम अली: पाणथळ जागा पडीक नसते, हे देशाला पटवणारा मुंबईकर (आणि म्हशींनी चुकीचा ठरवलेला त्यांचा एक अंदाज)

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर डॉ. सलीम अलींचा. त्या आठवड्यात सोशल मीडियावर दुर्बीण गळ्यात अडकवलेल्या, पांढऱ्या दाढीच्या एका किडकिडीत म्हाताऱ्याचा फोटो फिरतो. खाली लिहिलेलं असतं, बर्डमॅन ऑफ इंडिया. आपण लाईक करतो आणि पुढे जातो.

पण या माणसाने नेमकं केलं काय? नुसते पक्षी बघून कुणाला पद्मविभूषण मिळतं का?

तर गोष्ट मुंबईतच सुरू होते, राजस्थानातल्या एका दलदलीत जाते आणि थेट आपल्या पवई तलावापर्यंत परत येते. या गोष्टीत सलीम अलींचा एक मोठा विजय आहे आणि त्यांचा एक चुकलेला अंदाजही आहे. दोन्ही माहीत असायला हवेत.

खेतवाडीतला पोरका मुलगा आणि एक चिमणी

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. ते सगळ्या भावंडांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मग मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भाच्यांना सांभाळलं. घर गिरगावजवळच्या खेतवाडीत. सुट्टीत मुक्काम चेंबूरला. आज मोनोरेल आणि फ्रीवेसाठी ओळखलं जाणारं चेंबूर तेव्हा झाडीत लपलेलं गाव होतं.

मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला एअरगन घेऊन दिली. भाचा चिमण्या टिपायला लागला.

सलीम दहा-बारा वर्षांचे असतानाची गोष्ट. त्यांनी पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. ही चिमणी खायला चालेल का, असा प्रश्न मुलाला पडला. मामांना उत्तर देता येईना. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे, म्हणजे बीएनएचएसचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं.

मिलार्ड यांनी चिमणी ओळखली. ती पीतकंठी चिमणी होती. मग त्यांनी कपाटाचे खण उघडून या मुलाला पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली, पक्ष्याची कातडी सोलून नमुना कसा जपायचा ते शिकवायची सोय केली. बीएनएचएस १८८३ मध्ये सुरू झालेली आणि तेव्हा बऱ्यापैकी इंग्रज साहेबांची संस्था. तिच्या दारात घाबरत उभा राहिलेला हा मुलगा पुढे त्याच संस्थेचा चेहरा बनला.

डिग्री नाही, नोकरी नाही

अभ्यासात मात्र सगळी बोंब होती. लहानपणी डोकेदुखीने शाळा बुडायची. १९१३ मध्ये मॅट्रिक कशीबशी पास झाली. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण ते अर्धवट सोडून १९१४ मध्ये ब्रह्मदेशातलं तवॉय गाठलं. तिथे घरच्यांचा वुल्फ्रामच्या खाणीचा आणि इमारती लाकडाचा धंदा होता. धंद्यात लक्ष कमी आणि आजूबाजूच्या जंगलात जास्त.

१९१७ मध्ये परत आल्यावर त्यांनी दावर्स कॉलेजात कायदा आणि हिशेब शिकायला घेतलं. सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांनी ओळखलं की या पोराचं मन दुसरीकडे आहे. त्यांच्या आग्रहाने सलीम अलींनी प्राणिशास्त्राचे धडे घेतले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

पण विद्यापीठाची डिग्री हातात नव्हतीच. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली पक्षीतज्ज्ञाची जागा याच कारणाने हुकली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) गाइड लेक्चररची नोकरी मिळाली, पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांनी रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या म्युझियममध्ये एर्विन स्ट्रेझमन यांच्या हाताखाली त्यांनी पक्षीशास्त्राचं खरं शिक्षण घेतलं. पक्षी मारून कपाटात ठेवणं म्हणजे पक्षीशास्त्र, ही तेव्हाची समजूत होती. जिवंत पक्षी कसा जगतो, काय खातो, घर कसं बांधतो हे बघणं हेसुद्धा शास्त्र आहे, ही दृष्टी त्यांना तिथे मिळाली.

१९३० मध्ये ते भारतात परतले तेव्हा निधी नाही म्हणून त्यांची जागाच रद्द झाली होती.

सुगरण नावाचा नर

आता मुंबईतला खर्च परवडेना. अलिबागजवळच्या किहीमला तेहमिना यांच्या घरच्यांचं घर होतं. दोघं तिथे राहायला गेले. घराजवळ सुगरणीची घरटी लटकत होती आणि हातात वेळच वेळ होता. सलीम अलींनी तो पावसाळा घरट्यांकडे बघण्यात घालवला.

सुगरण मराठी माणसाला बहिणाबाईंच्या कवितेमुळे पाठ आहे. घरटं विणण्याचं श्रेय आपण मादीला देतो, नावही तसंच ठेवलंय. प्रत्यक्षात घरटं विणतो नर. तो अर्धं घरटं विणतो आणि थांबतो. मादी येते, आत शिरते, तपासते. पसंत पडलं तर मुक्काम करते, मग नर उरलेलं काम पूर्ण करतो. मादी अंडी घालून बसली की नर शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट बघतो. हा सगळा हिशेब सलीम अलींनी तारीखवार टिपला आणि १९३१ मध्ये बीएनएचएसच्या जर्नलमध्ये छापला. बेकारीत केलेल्या या कामाने त्यांचं नाव जगभरच्या अभ्यासकांपर्यंत गेलं.

पुढची काही वर्षं त्यांनी संस्थानांमध्ये पक्ष्यांची पाहणी केली. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. मेहनताना घ्यायचा नाही, फक्त प्रवास-मुक्कामाचा खर्च संस्थानाने द्यायचा, असा सौदा. तेहमिना बरोबर असायच्या. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण आणि मेहुण्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं आणि ते कामात बुडाले.

अंधेरी-बोरिवलीचं पक्ष्यांचं दप्तर

याच काळातलं एक काम मुंबईकरांच्या फारसं लक्षात नाही. १९३६ ते १९३९ दरम्यान बीएनएचएसच्या जर्नलमध्ये एक लेखमाला आली, द बर्ड्स ऑफ बॉम्बे अँड सालसेट. लेखक सलीम अली आणि त्यांच्या नात्यातले हुमायून अब्दुलअली.

सालसेट म्हणजे साष्टी बेट. गोव्यातला सासष्टी तालुका वेगळा. आपली साष्टी म्हणजे वांद्र्यापासून अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ते ठाणे हा सगळा पट्टा. तेव्हा इथे भातखाचरं, खाडी, मिठागरं, डोंगर आणि तीन तलाव होते. विहार, तुळशी आणि पवई हे तिन्ही तलाव एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पाण्यासाठी बांध घालून तयार केलेले. माणसाने पाणी अडवलं, काठाला चिखल झाला, चिखलात बोरू आणि कमळं वाढली आणि पक्ष्यांनी ती जागा आपली मानली.

या दोघांनी कुठला पक्षी कुठे दिसतो, कधी येतो, कधी जातो, घरटं कधी करतो हे नोंदवून ठेवलं. तेव्हा ती एक यादी होती. आज ते उपनगरांचं जुनं दप्तर आहे. इथे काय होतं हेच माहीत नसेल, तर काय गेलं हे कसं सांगणार?

१९४१ मध्ये द बुक ऑफ इंडियन बर्ड्स आलं. साध्या भाषेत माहिती आणि प्रत्येक पक्ष्याचं रंगीत चित्र. आजवर त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. भारतात पक्षी बघणं हा साहेबांचा छंद न राहता शाळामास्तर, कारकून आणि कॉलेजच्या पोरांचा छंद झाला, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

भरतपूर: एका दिवसात ४,२७३ पक्षी

आता येऊ त्या दलदलीकडे.

राजस्थानात भरतपूरला केवलादेव घना नावाची जागा आहे. क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर. मुळात हा खोलगट भाग. अजान बांधातून त्यात पाणी सोडलं जायचं, म्हणजे पवईसारखीच माणसाच्या हाताने झालेली गोड्या पाण्याची पाणथळ. भरतपूरच्या महाराजांनी तिथे बदकांच्या शिकारीची सोय केली. व्हाईसरॉय आणि बडे पाहुणे यायचे, शिकारीचा आकडा दगडावर कोरला जायचा.

१२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाईसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. योगायोग असा की त्या दिवशी सलीम अली ४२ वर्षांचे झाले होते.

स्वातंत्र्यानंतर वेगळंच संकट आलं. आसपासच्या शेतकऱ्यांची मागणी होती की ही दलदल आटवून शेतीला जमीन द्या आणि पाणी सिंचनाला सोडा. देशात अन्नधान्याची टंचाई होती, त्यामुळे मागणी काही वेडगळ नव्हती. सरकारी कागदांत पाणथळ जागा म्हणजे पडीक जागा, हाच तेव्हाचा समज.

सलीम अली थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत गेले. भरतपूर ही फक्त राजाची शिकारीची जागा नाही, हिवाळ्यात उत्तर आणि मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडून येणाऱ्या पक्ष्यांचं हे घर आहे, हे त्यांनी पटवून दिलं. दलदल वाचली.

नुसतं बोलून ते थांबले नाहीत. बीएनएचएसने भरतपूरला पक्ष्यांच्या पायात क्रमांक लिहिलेली कडी घालून त्यांना सोडायला सुरुवात केली. त्यातल्या काही पक्ष्यांच्या पायातली कडी पुढे दूर सोव्हिएत रशियाच्या हद्दीत सापडली. भरतपूरचं बदक आणि सैबेरियाचं बदक एकच आहे, याचा हा हातात धरता येणारा पुरावा होता. इथली दलदल आटली तर तिकडचा पक्षीही संपणार.

१९८१ मध्ये भरतपूर रामसर यादीत आलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ठरलं. पुढे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

पण मग म्हशींचं काय?

इथेच गोष्ट अवघड होते.

भरतपूरच्या दलदलीत आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या चरायच्या. म्हशींमुळे पक्ष्यांच्या जागेचं नुकसान होतं, असं सलीम अलींसह अनेक तज्ज्ञांचं मत होतं. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई पूर्ण बंद केली गेली. गावकऱ्यांना पर्यायी चाऱ्याची धड सोय झाली नव्हती. विरोध झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकऱ्यांचे जीव गेले.

पुढे काय झालं? म्हशी गेल्या आणि गवत माजलं.

हे समजायला पाणथळीचा हिशेब बघावा लागेल. उथळ गोड्या पाण्यात प्रत्येक पक्ष्याचा मजला ठरलेला असतो. काठच्या चिखलात तुतारीसारखे छोटे पक्षी किडे शोधतात. गुडघाभर पाण्यात बगळे आणि करकोचे उभे राहतात. कमळपक्षी लांब बोटांच्या जोरावर तरंगत्या पानांवरून चालतो. पाणकावळा बुडी मारतो. आणि बदकांना उतरायला, पोहायला मोकळं पाणी लागतं. म्हैस पाण्यात उतरून गवत खायची, खुरांनी तुडवायची, त्यामुळे हे मोकळं पाणी टिकून राहायचं. ती गेल्यावर पास्पालम जातीच्या गवताने पाणी झाकून टाकलं आणि बदकांची जागा कमी झाली.

हे शोधून काढलं कुणी? बीएनएचएसनेच. ज्या संस्थेला सलीम अलींनी घडवलं, तिच्याच शास्त्रज्ञांनी दहा वर्षं भरतपूरच्या पाण्याचा, गवताचा आणि पक्ष्यांचा अभ्यास केला. निष्कर्ष आला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. निष्कर्ष हा होता की चराईबंदीने उद्यानाचं भलं झालं नाही, म्हशी या दलदलीचाच भाग होत्या.

संस्थेने आपल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा अंदाज चुकला, असं छापून सांगितलं. कुणी मोठा म्हणाला म्हणून खरं मानायचं नाही, जाऊन बघायचं, मोजायचं आणि लिहायचं, हे सलीम अलींनीच तर शिकवलं होतं. पण गोळीबारात गेलेले जीव अभ्यासाने परत येत नाहीत. निसर्ग वाचवताना तिथल्या माणसांना शत्रू मानलं की काय होतं, याचं उदाहरण म्हणून भरतपूरचं नाव आजही घेतलं जातं.

म्हातारपणीही पायाला भिंगरी

सलीम अलींना मोटारसायकलींचं भारी वेड. १९५० मध्ये स्वीडनच्या उप्साला इथे पक्षीतज्ज्ञांची जागतिक परिषद होती, तर हे पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ आपली सनबीम मोटारसायकल सोबत घेऊन युरोपात फिरले. १९५९ मध्ये कुमाऊंच्या पायथ्याशी तराईच्या दलदली गवताळ भागात त्यांना फिन्स बाया ही सुगरणीची दुर्मिळ बहीण पुन्हा सापडली. आज ही जात नष्ट होण्याच्या वाटेवर आहे.

१९६८ ते १९७४ मध्ये अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्यासोबत त्यांनी भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण केला. शेवटचा खंड आला तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. त्याच सुमारास ५०,००० डॉलर्सचा जे. पॉल गेटी पुरस्कार मिळाला, ती रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीसाठी दिली. केरळचं सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणापासून वाचवण्यासाठीही त्यांनी आपलं वजन वापरलं. १९८५ मध्ये ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ९०.

आणि आपला पवई तलाव?

बीएनएचएसचं निसर्ग शिक्षण केंद्र आज गोरेगावला फिल्मसिटीजवळ, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. विहार आणि तुळशी उद्यानाच्या हद्दीत असल्याने बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. पवईचं तसं नाही. तिन्ही बाजूंनी इमारती, पाण्यात सांडपाणी आणि त्यावर पोसलेली जलपर्णी.

जलपर्णीचा प्रश्न आता तुम्हाला लगेच कळेल. भरतपूरला पास्पालमने जे केलं, तेच इथे जलपर्णी करते. वरून हिरवंगार दिसतं, पण मोकळं पाणी झाकलं जातं. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी काही काळ तग धरतात, बुडी मारणारे आणि पोहणारे पक्षी मात्र निघून जातात.

तरी पवई संपलेला नाही. तिथे मगरी आहेत, पाणकावळे पंख वाळवत बसतात, खंड्या दिसतो, बगळे दिसतात. महापालिकेने तलावाकाठी सायकल ट्रॅकचं काम सुरू केलं, तेव्हा त्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवलं. पाणथळ ही पडीक जागा नाही, हा सलीम अलींचा मुद्दा आता कायद्याच्या भाषेत बोलला जातो.

नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर, ज्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. २०२२ मध्ये मुलुंड-भांडुपच्या शेजारची ठाणे खाडीही त्या यादीत आली. तिथलं पाणी खारं, फ्लेमिंगोंचं. गोड्या पाण्याचे छोटे तलाव, डबकी आणि चिखल मात्र कुठल्याच यादीत नसतात. ते बुजवले जातात तेव्हा बातमीही होत नाही.

म्हणून नोंद महत्त्वाची. सलीम अलींनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे डिग्री नव्हती, नोकरी नव्हती, होती ती एक वही. या हिवाळ्यात पवईच्या काठाने चालताना दहा मिनिटं थांबा. किती पक्षी दिसले, कुठले दिसले, तारीख काय, एवढं मोबाईलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी पुन्हा मोजा. उद्या कुणी या चिखलाला पडीक म्हणालं, तर तुमच्याकडे दाखवायला आकडा असेल.